शेजारधर्म

आमच्या नेवासा तालुक्यात ख्रिस्ती माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. लग्नाच्या मांडवात, एसटीत, बाजार समितीत कांदा उतरवताना, कुठेही. "तुमचे लोक कशासाठी बाटले हो? दुष्काळात ज्वारीसाठी ना?" विचारणारा बऱ्याचदा वाईट मनाचा नसतो. त्याने तसंच ऐकलेलं असतं. मी हा प्रश्न पहिल्यांदा शाळेत ऐकला. आता साठी उलटून गेली तरी ऐकतोच आहे. माझं शिक्षण दहावीपर्यंत. पुढचं आयुष्य बैलांमागे गेलं आणि नंतर ट्रॅक्टरवर. पण वाचायची सवय होती आणि घरात आजी होती. आजीकडून ऐकलेलं आणि पुढे वाचलेलं, दोन्ही जुळवून या प्रश्नाचं उत्तर इथे लिहून ठेवतो.

सुरुवात जरा लांबून करावी लागेल. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले. त्यात एक गॉर्डन हॉल होता. तो मराठी शिकला आणि बाजारात, देवळापुढे, धर्मशाळेत उभा राहून सांगू लागला. लोक ऐकायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. कितीएक वर्षं अशी गेली, पण ऐकणाऱ्यांतून वळलेले फारच थोडे. १८२६ साली तो नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला फिरत होता. तिकडे पटकीची साथ होती. जवळचं औषध त्याने आजाऱ्यांना वाटलं आणि त्याच फेरीत मार्च महिन्यात तो स्वतः पटकीने गेला. त्याने बाजारात काय सांगितलं ते आज कुणाला आठवत नाही. औषध वाटता वाटता गेला, एवढं मात्र राहिलं.

१८३१ साली मिशनने अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ठाणं केलं. तिथे शाळा निघाल्या. सिंथिया फॅरार नावाची बिनलग्नाची बाई अमेरिकेहून आली होती. आधी मुंबई आणि मग १८३९ पासून नगर. मुलींना शिकवण्यात तिचा सगळा जन्म गेला. १८६२ साली ती नगरलाच वारली. जोतीराव फुल्यांनी तिची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात स्वतःची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही नगरला तिच्याकडे शिकवण्याचे धडे घेतले. फुले काही ख्रिस्ती झाले नाहीत. पण त्या बाईच्या शाळेत त्यांना जे चांगलं दिसलं ते त्यांनी उचललं, आणि त्याचं फळ आज महाराष्ट्रातल्या सगळ्या मुली खातात. माणसाने चांगुलपणाने केलेलं काम कुठे जाऊन उगवेल, हे पेरणाऱ्याच्या हातात नसतं. हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

नगरहून मिशनची माणसं खेड्यात आली. आमच्या तालुक्यात वडाळा बहिरोबा इथे त्यांचं मोठं ठाणं झालं. सॅम्युएल फेअरबँक नावाचे मिशनरी तिथे होते. त्यांना पाखरांचा फार नाद. दक्षिणेतल्या डोंगरातल्या एका पाखराच्या शास्त्रीय नावात त्यांचं नाव आजही आहे. असली माणसं गावोगाव फिरत, तंबू ठोकत, झाडाखाली बसत. पण खेड्यात खरं काम कुणी केलं असेल तर ते इथल्याच माणसांनी. मिशनच्या शाळेत शिकलेले मास्तर, आणि घरोघर जाऊन वाचून दाखवणाऱ्या बाया. गोऱ्या साहेबांची नावं पुस्तकात आली. या बायांची नावं बहुतेक कुठे आली नाहीत.

आमच्या घराण्यातली गोष्ट अशाच एका बाईची आहे. आजीने ती तिच्या सासूकडून, म्हणजे माझ्या पणजीकडून ऐकली होती. काळ साधारण छप्पनच्या दुष्काळाच्या आगेमागे. छप्पनचा दुष्काळ म्हणजे १८९९-१९०० चा, संवत १९५६ म्हणून छप्पनचा. पणजी तेव्हा नुकती नांदायला आली होती. घर महारवाड्यात, गावाच्या कडेला. पाणी डबक्याचं नाहीतर ओढ्यातल्या झऱ्याचं, कारण गावच्या विहिरीवर चढायची सोय नव्हती. असल्या पाण्याने नारू व्हायचा. आताच्या पोरांना नारू म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि ते बरंच आहे. पाण्यातून पोटात गेलेला किडा वर्षभराने पायातून बाहेर पडतो. आधी फोड येतो, मग पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक दिसतं. ते ओढून काढायचं नसतं. तुटलं तर पाय सुजतो, सडतो, माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं, बोटभर, फिरवत काढायचं.

पणजीच्या पायाला नारू झाला होता. वडाळ्याकडची एक बाई वाचून दाखवायला महारवाड्यात यायची. तिने पाय पाहिला आणि चुलीवर पाणी ठेवायला सांगितलं. कोमट पाण्यात मीठ टाकून ती पाय धुवायला खाली बसली, तेव्हा पणजीने पाय मागे ओढून घेतला. कारण ती बाई मूळची मांगवाड्यातली होती. आम्हाला गाव शिवत नव्हतं, आणि आम्ही मांगाच्या हातचं पाणी पीत नव्हतो. उतरंडच होती ती, प्रत्येक मडक्याखाली आणखी एक मडकं. आजी हा भाग सांगताना आवाज खाली आणायची, पण गाळायची कधीच नाही.

ती बाई रागावली नाही. "पाय तुझा आहे, बाई. दुखतोय तो तुला. उद्या येते," एवढंच म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशी पणजीने पाय पुढे केला. नारू एका दिवसात निघत नाही. वीस-बावीस दिवस ती बाई रोज यायची, बोटभर दोरा काडीला गुंडाळायची, पाय धुवायची, पुसायची, आणि तेवढा वेळ दोघी बोलत बसायच्या. सासरचं, माहेरचं, पावसाचं. पणजीनेच एक दिवस विचारलं, "तू रोज येतेस, तुला यात काय मिळतं?" तेव्हा त्या बाईने पहिल्यांदा येशूची गोष्ट सांगितली. पकडला गेला त्याच रात्री त्याने कमरेला रुमाल बांधला आणि आपल्या शिष्यांचे पाय धुतले, ती. धनी चाकराचे पाय धुतो, हे पणजीने कधी ऐकलं नव्हतं. आणि ऐकत होती तेव्हा तिचा स्वतःचा पाय दुसऱ्या बाईच्या हातात होता.

आता ज्वारीचं. मिशनने दुष्काळात कामं काढली, आईबाप नसलेली पोरं सांभाळली, धान्य दिलं. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळातही दिलं होतं. त्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात महार-मांगांची पुष्कळ कुटुंबं ख्रिस्ती झाली, हे खरं आहे. आमच्याही माणसांनी ती ज्वारी खाल्ली. त्यात लाज कसली? सरकारी कामावर खडी फोडायला तर सगळाच मुलूख गेला होता. खडी फोडून कुणी इंग्रज झाला नाही. नुसत्या धान्यासाठी मिशनच्या दारात उभे राहिलेले पाऊस पडल्यावर निघूनही गेले. आजी सांगायची की आपल्या घराने बाप्तिस्मा घेतला तो दुष्काळ सरल्यावर दोन वर्षांनी, कणगीत दाणे असताना. पणजा आधी तयार नव्हता. भावकी वाळीत टाकील, येसकरकीचं बलुतं जाईल, ही भीती होती. बलुतं गेलंच. म्हणजे आमच्या घराचा हिशोब केला तर ज्वारी मिळण्याऐवजी गेली.

आणि "बाटले" हा शब्दच मला नवलाचा वाटतो. ज्याची सावली चालत नव्हती, तो बाटणार कशाने?

याच काळात आमच्या शेजारच्या राहुरीला आणि नगरला एक वेगळं घर होतं. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई. टिळक कोकणस्थ ब्राह्मण, कवी, संस्कृतचे जाणकार. त्यांच्या घरी ज्वारीचा प्रश्न नव्हता. त्यांचं वळण सुरू झालं ते आगगाडीच्या डब्यात. १८९३ च्या सुमाराला ते नागपूरहून राजनांदगावला चालले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी होता. साहेब लोक तेव्हा नेटिवाला डब्यात बसू द्यायला नाखूश असत. याने जागा करून दिली, आपुलकीने बोलणं काढलं. दोघं संस्कृत काव्यावर बोलत राहिले. उतरण्याआधी त्याने नव्या कराराची एक प्रत दिली आणि वाचा म्हणाला. गोष्ट सांगताना त्या माणसाचं नाव सगळेच सांगत नाहीत. पण टिळकांनी दिलेला शब्द पाळायचा म्हणून पुस्तक उघडलं, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन ते थांबले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मला त्यांच्यापेक्षा लक्ष्मीबाईंची गोष्ट जास्त जवळची वाटते. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या दुःखाने वेड लागायची पाळी आली होती. काही वर्षं त्या माहेरच्या माणसांत वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या तरी सोवळं सोडलं नाही, वेगळी चूल, वेगळं पाणी. नवरा धर्मगुरूंच्या शाळेत शिकवणारा आणि घरात बायको सोवळ्यात! तरी त्यांना वेळ दिला गेला. शिवाशिव ही देवाने केली की माणसाने, याचा विचार करता करता त्यांचा निकाल त्यांनीच लावला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पुढे टाकून दिलेली, कुणाला नको झालेली पोरं त्यांनी पोटाशी धरली. हे सगळं 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या पुस्तकात आहे. शाळा न शिकलेल्या बाईने लिहिलेलं ते पुस्तक मराठीत अजून वाचलं जातं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं, हसू येतं आणि डोळेही भरतात.

टिळकांनी आणखी एक मोठं काम केलं. ख्रिस्ती धर्म इथल्या मातीत लावायचा तर तो इथल्या बोलीत, इथल्या चालीत आला पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते मानत. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. मिशनने १८४२ साली नगरला सुरू केलेल्या 'ज्ञानोदया'त १९१२ पासून ते मराठी भागाचे संपादक होते. शेवटी १९१७ साली मिशनची नोकरीसुद्धा सोडली, साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला आणि १९१९ च्या मे महिन्यात गेले. पंडिता रमाबाईंनी केडगावला हेच दुसऱ्या तऱ्हेने केलं. दुष्काळातल्या निराधार मुली आणल्या, त्यांना हाताला काम शिकवलं आणि मरेपर्यंत बसून बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवलं. १९२२ साली त्या गेल्या. त्यांच्या मुलींनीच त्याचे खिळे जुळवले आणि छापलं.

त्यामुळे आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मी लहानपणापासून पेटी, टाळ आणि मृदंगच ऐकला. नाताळच्या रात्री भजन चालायचं. आमचा मृदंग फुटला की गावातल्या विठ्ठल मंदिरातला यायचा. तो घेऊन येणारे आबा माळकरी होते, दर आषाढीला दिंडीत जाणारे. मृदंग दुसऱ्याच्या हातात द्यायला जीव होत नाही म्हणून ते स्वतःच वाजवायला बसायचे. येशूच्या जन्माचा अभंग आणि वाजवणारा विठोबाचा माणूस, असं कितीतरी वर्षं चाललं. आबांनी माळ काढली नाही, आणि आमच्या वडिलांनी ती काढा असं कधी म्हटलंही नाही.

चर्चमध्ये सगळं गोड होतं असं मात्र नाही. महाराकडचे आणि मांगाकडचे एका चटईवर बसायला दोन पिढ्या लागल्या, आणि सोयरीक जुळवताना आजही कुजबुज होतेच. बाहेरूनही मार होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या राहिल्या. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्यांना नाहीत. १९५६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली, तेव्हा आमच्या भावकीतली निम्मी घरं बौद्ध झाली. वडिलांचे चुलतभाऊ वडिलांना म्हणाले, "आता तू पण ये. तिकडे राहून तुझ्या पोरांना काय मिळणार?" वडील म्हणाले, "दादा, तुम्ही जाताय ते माणूस म्हणून जगायला जाताय. आमची आजी पण त्याचसाठी गेली होती. रस्ते दोन झाले, भांडायचं कशाला?" दोन्ही घरांचा बांध एकच आहे, आणि बांधावरून भांडण झालं नाही असं आमच्या गावात हे एकच उदाहरण असेल.

माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं तर १९७२ सालचं. मी तेव्हा शाळेत होतो. लाल मिलोची भाकरी, सुकडी आणि रस्त्याच्या कामावरची खडी, हे त्या सालच्या प्रत्येकाला आठवतं. आमच्या विहिरीला पाणी टिकून होतं. फार नाही, रात्रभर पाझरून सकाळी चार हात. गावची विहीर आटली. सकाळी आमच्या विहिरीवर हंड्यांची रांग लागली. त्या रांगेत अशाही घरच्या बाया होत्या, ज्यांच्या सासऱ्यांनी माझ्या आजोबांना पाण्यासाठी दिवसभर ताटकळत ठेवलं होतं. आजी ओट्यावर बसून बघत होती. कुणी तरी म्हणालं, "आता यांनाही ओंजळीने वाढा म्हणजे कळेल." वडिलांनी काहीच उत्तर दिलं नाही. त्यांनी रहाटाला नवा सोल बांधला आणि सांगितलं, म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या आधी, मग बाकीच्या. आमच्या आईचा नंबर रांगेतच. त्या वर्षी आमचा घासाचा वाफा आणि लिंबाची बारा झाडं वाळून गेली, कारण पाणी माणसांना लागलं.

रांगेत उभ्या बायांना वडिलांनी एकदाही बायबलमधलं वाक्य ऐकवलं नाही. चार महिन्यांनी ते मृदंगवाले आबा संध्याकाळी येऊन बसले आणि म्हणाले, "तुझा बाप माझ्या बापाच्या दारात पाण्याला उभा असायचा. मला आठवतंय. तुला आठवत नाही का?" वडील म्हणाले, "आठवतं. पण मला माफ केलंय असं मी दर रविवारी म्हणतो. मग दुसऱ्याचा हिशोब कसा ठेवू?" आबा बराच वेळ बसले. मग म्हणाले, "बोल, तुझा देव काय म्हणतो ते सांग आज." त्या रात्री कंदिलाच्या उजेडात दोघं उशिरापर्यंत बोलत होते. एक तुकोबांचं सांगत होता, एक योहानाच्या शुभवर्तमानातलं. मी ऐकता ऐकता झोपलो.

त्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात पाण्याची पुष्कळ कामं झाली. त्यात स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघाचे फादर हर्मन बाखर होते. पुढे त्यांच्या खटपटीतून पाणलोटाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला, १९९३ साली त्यासाठी संस्थाही निघाली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांध, झाडं. त्यात गावाने श्रमदान करायचं ही अट होती. धर्म विचारायची अट नव्हती. डोंगरावर अडलेलं पाणी खाली कुणाच्या विहिरीत उतरतं हे पाणी बघत नाही.

आता दिवस बदलले. दरवर्षी सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला सगळ्या जातीधर्माची माणसं येतात, नवस फेडतात. दुसरीकडे मोबाइलवर एक शब्द फिरला की चर्चबाहेर पोलीस उभा करावा लागतो. आमची पोरं विचारतात, मग आपण आपल्या श्रद्धेचं बोलायचं की नाही? मी सांगतो, बोलायचं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण पणजीच्या पायाशी बसलेल्या बाईने जो क्रम ठेवला तोच ठेवा. तिने आधी पाय धुतला. विचारल्यावर सांगितलं. आणि पणजी ख्रिस्ती झाली नसती तरी तो नारू तिने शेवटच्या बोटापर्यंत काढलाच असता. यातलं शेवटचं नसेल तर तो सौदा होतो, आणि सौदा माणसाला लगेच कळतो.

गेल्या वर्षी आबांच्या सुनेला कॅन्सर निघाला. मुलं पुण्याला. आमच्या घरची दर पंधरवड्याला तिला घेऊन एसटीने नगरच्या दवाखान्यात जायची, सुई होईपर्यंत बसायची, संध्याकाळी घरी पोचवून मग आमचा स्वयंपाक. सातव्या की आठव्या खेपेला परतीच्या एसटीत ती आमच्या हिला म्हणाली, "वहिनी, तुम्ही मनातल्या मनात काय पुटपुटता हो माझ्यासाठी? जरा मोठ्याने म्हणा की, मलाही ऐकू द्या." घोडेगाव येईपर्यंत आमची ही तिचा हात धरून प्रार्थना म्हणत होती. पुढच्या सीटवरची एक म्हातारी मागे वळून ऐकत होती, आणि संपल्यावर तिने आपल्या पिशवीतले दोन पेरू काढून दोघींच्या हातावर ठेवले.